हुद्दा नसलेले पुढारी : उल्हासनगर ते वांगणी

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कल्याणजवळच्या निर्वासित छावणीत एका नव्या शहराची कोनशिला बसवली. जवळून वाहणाऱ्या नदीवरून शहराला नाव मिळालं, उल्हासनगर. या शहराची नगरपालिका स्थापन झाली १९६० मध्ये, आणि लोकांनी निवडून दिलेले सदस्य तिथे बसले १९६५ मध्ये.

आता जरा बोटं मोजा. एक लाखाच्या आसपास माणसं आणि सोळा वर्षं. या काळात ना नगराध्यक्ष, ना नगरसेवक, ना वॉर्ड. सरकारने नेमलेले अधिकारी होते, हे खरं. पण सार्वजनिक नळावर पहिली बादली कोणाची, रात्री बराकीत भांडण पेटलं तर मध्ये कोण पडणार, मेलेल्या माणसाच्या तिरडीचे पैसे कोण गोळा करणार, हे अधिकारी ठरवत नसतो. मग कोण ठरवत होतं?

माझ्या संशोधनाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. "तुझा विषय नक्की काय?" असं कोणी विचारलं की मी एका वाक्यात सांगते: ज्यांच्याकडे हुद्दा नव्हता, त्यांचं लोकांनी का ऐकलं? या लेखात हा प्रश्न मी कल्याणच्या पुढच्या एका छोट्या पट्ट्यात, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथे, तीन ठिकाणी विचारून बघणार आहे.

आधी थोडी थिअरी, घाबरू नका

सत्तेचा अभ्यास करणारा प्रत्येक जण कधी ना कधी मॅक्स वेबरच्या दारात जातो. या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सांगितलं, की लोक हुकूम पाळतात तो तीन कारणांनी. एक, परंपरा: पाटलाचा मुलगा पाटील. दोन, करिष्मा: या माणसात काहीतरी वेगळं आहे ही भावना. आणि तीन, नियम: खुर्चीवर बसलेला माणूस कोणीही असो, त्या खुर्चीचा अधिकार कायद्याने ठरलेला आहे.

ही विभागणी उपयोगी आहे, पण हुद्द्याविना चालणारं नेतृत्व समजून घ्यायला ती अपुरी पडते. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण गांधीजींचं. १९३४ मध्ये मुंबईच्या अधिवेशनाच्या सुमारास ते काँग्रेसमधून बाहेर पडले. त्यानंतर ते साधे चार आण्यांचे सभासदही नव्हते. तरी ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला, तेव्हा आंदोलनाची सूत्रं त्याच बिनसभासद माणसाकडे सोपवली गेली. इथे आपण 'करिष्मा' म्हणून मोकळे होतो. पण नळावरच्या रांगेला शिस्त लावणाऱ्या बाईंकडे कुठला करिष्मा? नियम तर नाहीच, आणि छावणी नवी, म्हणजे तिथली परंपराही नाही. अशा माणसांसाठी मला वेगळा प्रश्न लागतो: ऐकलं नाही, तर काय होतं? पोलिसाचं ऐकलं नाही तर दंड होतो. हुद्दा नसलेल्याचं ऐकलं नाही तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. तरीही लोक ऐकतात. ते 'तरीही' मला शोधायचं आहे.

पहिली जागा : छावणीतली बराक

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. दोन हजारांच्या वर बराकी. युद्ध संपलं, सैनिक गेले, बराकी रिकाम्या झाल्या. फाळणी झाली, आणि विशेषतः जानेवारी १९४८ मधल्या कराचीच्या दंगलीनंतर सिंधी हिंदूंचे लोंढे बोटीने आणि रेल्वेने मुंबईकडे आले. त्यातले सुमारे एक लाख लोक या छावणीच्या पाच भागांत वसवले गेले. उल्हासनगरचे लोक आजही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' म्हणतात, ते यामुळे.

लांबलचक बराक, मध्ये गोणपाटाचे पडदे, पडद्याच्या अलीकडे एक कुटुंब आणि पलीकडे दुसरं. कालपर्यंत शिकारपूर, लारकाना, हैदराबाद अशा वेगवेगळ्या गावांत राहणारी, एकमेकांना न ओळखणारी माणसं. अशा ठिकाणी व्यवस्था कुठून येते?

एक उत्तर सिंधमधूनच आलं. तिथल्या हिंदूंमध्ये गावोगाव पंचायती होत्या आणि पंचायतीचा प्रमुख असे 'मुखी'. ही आपली सरकारी ग्रामपंचायत नव्हे. व्यापारातले वाद मिटवणं, लग्नातल्या देण्याघेण्यावर मर्यादा घालणं, धर्मादाय गोळा करणं, विधवेच्या घरी धान्य पोचतंय का हे बघणं, ही तिची कामं. निर्वासित झाल्यावर लोकांनी मूळ गावांच्या नावाने पंचायती पुन्हा उभ्या केल्या. गाव सीमेपलीकडे राहिलं, पण गावाची पंचायत कल्याणजवळ भरू लागली!

पण एक फरक पडला होता, आणि माझ्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. सिंधमध्ये मुखीच्या मागे जमीन, वाडा, पेढी, पिढ्यांची पत होती. छावणीत तोही त्याच गोणपाटाआड राहत होता. त्याची परंपरा सोबत आली, पण तिला टेकू देणारी मालमत्ता आली नाही. मग त्याचं वजन टिकणार कसं? कामाने. १९५० च्या आणि १९५४ च्या कायद्यांनी निर्वासितांना मागे राहिलेल्या मालमत्तेबद्दल दावे करण्याची आणि भरपाई मिळवण्याची वाट दिली. आता दावा करायचा म्हणजे अर्ज, पुरावे, शपथपत्रं, सरकारी इंग्रजी. घरी असलेली कागदपत्रं अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. अशा वेळी अर्ज लिहून देणारा शाळामास्तर, साहेबापुढे बोलू शकणारा माजी कारकून, कोणत्या कचेरीत कोणत्या दिवशी जायचं हे ठाऊक असलेला दुकानदार, यांचं वजन वाढणारच. जुनी घराणेशाही आणि नवी उपयुक्तता यांची छावणीत सरमिसळ झाली.

याच समाजाने पुढे आणखी एक गोष्ट करून दाखवली. सिंधी भाषेला भारतात स्वतःचं राज्य नाही, म्हणजे तिच्यासाठी भांडणारा मुख्यमंत्री नाही, विधानसभा नाही. तरी लेखक, शिक्षक, पंचायती आणि संस्थांनी मागणी लावून धरली आणि १० एप्रिल १९६७ रोजी सिंधीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला.

वाटेत एक थांबा : गिरणीतला जॉबर

तुम्ही म्हणाल, छावणी हा अपवाद. तिथे कोणीच वर नव्हतं, म्हणून हे चाललं. जिथे चांगली पक्की उतरंड आहे तिथे हुद्दाच चालतो. म्हणून मी इथे मुंबईच्या गिरण्यांकडे वळते.

गिरणीत कामगार भरती करायचा तो जॉबर, त्यालाच मुकादमही म्हणत. बायकांच्या खात्यात नायकीण असे. जुन्या लिखाणात जॉबर म्हणजे छोटा हुकूमशहा: नोकरी देणारा तोच, काढणारा तोच, वर दस्तुरी खाणारा. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावावरच्या १९९४ च्या ग्रंथात या चित्राला धक्का दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जॉबरची ताकद गिरणीच्या फाटकाच्या आत जेवढी होती तेवढीच ती बाहेर, म्हणजे चाळीत, खानावळीत, वाण्याच्या उधारीत, गावकीच्या नात्यांत कमवावी लागायची. सकाळी पुरेशी माणसं मागावर उभी करता आली नाहीत, तर मालकाच्या लेखी त्याची किंमत शून्य. आणि माणसं यायची ती त्याने अडीअडचणीला हात दिला असेल तर. म्हणून संपाच्या काळात जॉबर दोन्ही बाजूंच्या कात्रीत सापडायचा. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपासारख्या लढ्यात कामगारांच्या उघड विरोधात जाणं त्याला परवडणारं नव्हतं.

म्हणजे ज्याच्याकडे हुद्दा होता, त्यालाही हुद्दा पुरत नव्हता. हा मुद्दा डोक्यात ठेवा आणि आता बदलापूर लोकल पकडा.

दुसरी जागा : आठ सतराची लोकल (वेळ तुमच्या सोयीने बदला)

कल्याणहून कर्जतच्या दिशेने जाणारी ही लाईन १८५६ मध्ये पळसदरीपर्यंत सुरू झाली. शंभर वर्षांनी याच लाईनवर कारखाने, वसाहती आणि मुंबईत न परवडणारी घरं शोधणारे लोक आले, आणि रोज दीड-दोन तास एकत्र प्रवास करणाऱ्यांचा एक समाज तयार झाला. या समाजाला घटना नाही, पण कायदे आहेत.

महिलांच्या डब्यात चढल्यावर पहिला प्रश्न काय असतो? "कुठे?" समोरचीने "घाटकोपर" म्हटलं की ती जागा घाटकोपरपासून तुमची. मध्ये तिसरी कोणी बसायला आली तर बसलेलीच सांगते, "सांगितलीय". ना तिकीट, ना टोकन, फक्त शब्द. लांबून उभ्याने आलेलीला बसलेली बाई ठाण्यानंतर उठून जागा देते, चौथ्या सीटवर कोण टेकणार ते ठरलेलं असतं, दसऱ्याला डब्याची पूजा होते, कोणाचं केळवण, कोणाचं डोहाळजेवण होतं. पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळ, टाळ, पत्त्यांचा डाव. आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असते किंवा असतो, ज्याच्याकडे सगळे बघतात. वर्गणी तीच काढते, नव्या मुलीला जागा तीच मिळवून देते, चार दिवस कोणी दिसलं नाही तर फोन तीच करते.

हिला हा अधिकार कुठून मिळतो? सोपं उत्तर: वय आणि अनुभव. पण मला आणखी एक कारण दिसतं, ते म्हणजे भूगोल. गाडी बदलापूरहून सुटत असेल तर बदलापूरकरांना जागा मिळते. अंबरनाथला गर्दी होते. विठ्ठलवाडीला दारात पाय ठेवायला मिळाला तरी नशीब. त्यामुळे डब्याची व्यवस्था लावण्याचा मान आपोआप आधीच्या स्टेशनवाल्यांकडे जातो. याला उत्तर म्हणून उल्हासनगर-अंबरनाथचे प्रवासी 'डाउन' करतात: उलट दिशेने बदलापूरला जायचं आणि त्याच गाडीत बसून परत यायचं. मग बदलापूरला फलाटावर उभे असलेले चिडतात, कारण गाडी रिकामी यायच्या ऐवजी भरून येते. खिडकीवरून होणारं हे भांडण म्हणजे खरं तर डब्यात व्यवस्था कोणाची चालणार, याचं भांडण आहे.

आणि इथेच या व्यवस्थेची काळी बाजूही दिसते. जो ग्रुप आजारी बाईसाठी खिडकी सोडतो, तोच ग्रुप परक्या बाईला पॅसेजमध्ये शिरू देत नाही, रुमाल टाकून जागा अडवतो, दारात भिंत करून उभा राहतो. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५५ नुसार, आरक्षित नसलेल्या डब्यात दुसऱ्याला शिरायला अडवणं हा दंडनीय गुन्हा आहे. पण चालत्या गाडीत ते कलम कोण वाचून दाखवणार?

तिसरी जागा : वांगणीजवळचं पाणी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांच्या लक्षात आहे. उल्हास नदीने त्या दिवशी बदलापूर आणि कल्याणच्या वस्त्यांचं काय केलं हे मात्र मुंबईच्या आठवणीत जरा मागे पडतं. बरोबर चौदा वर्षांनी, २६ जुलै २०१९ च्या रात्री, मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी, त्यात नऊ गरोदर बायका. रुळांवर पाणी, दोन्ही बाजूंना पाणी, अंधार. गाडीतून खाली उतरू नका, अशा सूचना होत्या.

दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाची पथकं आली, हवाई दलाची हेलिकॉप्टर आली. रेल्वे पोलीस आणि स्थानिक पोलिसांनी पाणी, बिस्किटं पोचवली. दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले, आणि नंतर त्यांच्यासाठी कल्याणहून कोल्हापूरकडे खास गाडी सोडण्यात आली. सरकारी यंत्रणेचं हे मोठं यश होतं, यात शंका नाही.

पण या बातम्या इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून वाचताना एक शब्द खटकतो: 'ग्रामस्थ'. 'आसपासच्या ग्रामस्थांनी मदत केली.' पथकांची नावं आहेत, बोटींची संख्या आहे, हेलिकॉप्टर कुठून उडालं तेही आहे. ग्रामस्थ मात्र नुसते ग्रामस्थ. ज्याला दरवर्षीच्या पुरामुळे माहीत असतं की शेताचा बांध कुठे आहे, ओढा कुठे वळतो, पाणी कुठल्या झाडापर्यंत चढलं की मागे फिरायचं, त्याच्या मागे अनोळखी माणूस मुकाट्याने चालतो. त्या क्षणी ओळखपत्र कोणी मागत नाही. ही सत्ता ज्ञानाची आहे आणि तिचं आयुष्य काही तासांचं. पाणी ओसरलं की ती संपते. म्हणूनच कागदावर ती सापडत नाही.

मग निष्कर्ष काय?

तीन जागा, आणि अधिकाराचे तीन झरे. छावणीत जुनी ओळख आणि नवी उपयुक्तता, लोकलमध्ये जागा आणि वेळ यांच्यावरचा ताबा, पुरात वाटेची माहिती. तिन्हींत एक गोष्ट समान आहे: आधी द्यावं लागतं, मग मागता येतं. अर्ज लिहून दिला म्हणून वर्गणी मागता येते. जागा मिळवून दिली म्हणून "जरा सरका" म्हणता येतं. आणि हे खातं रोज चालू ठेवावं लागतं. हुद्देदाराचा अधिकार निवृत्तीपर्यंत टिकतो, यांचा कालच्या कामापुरता.

पण इथे थांबले तर मी तुम्हाला एक गोड गोष्ट सांगून मोकळी होईन, आणि ती अर्धीच असेल. अमेरिकन स्त्रीवादी कार्यकर्ती जो फ्रीमन हिने १९७० मध्ये एक मांडणी केली होती. आमच्या गटात कोणी नेता नाही, असं म्हणणाऱ्या गटांतही नेते असतातच. फक्त ते निवडलेले नसतात, म्हणून त्यांना जाबही विचारता येत नाही. पंचायतीच्या बाबतीत तर हे आपल्याला अमेरिकेतून शिकायची गरज नाही. पंचायतीत बायका बसायच्या का? ज्याच्या गावची पंचायतच नव्हती त्याचं काय? आणि निर्णय पटला नाही, तर?

त्या 'तर'चं जुनं उत्तर होतं, वाळीत टाकणं. गंमत बघा, ज्या १९४९ मध्ये उल्हासनगरची कोनशिला बसली, त्याच वर्षी मुंबई राज्याने बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. १९६२ मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा मंजूर केला तो थेट २०१६ मध्ये. मधली चोपन्न वर्षं ज्यांनी जातपंचायतींचा जाच सोसला, त्यांच्यासाठी 'हुद्दा नसलेलं नेतृत्व' हे शब्द कौतुकाचे नाहीत.

म्हणून सुरुवातीचा प्रश्न मी आता थोडा बदलून वापरते. 'ऐकलं नाही, तर काय होतं?' याचं उत्तर 'काहीच नाही, फक्त पुढच्या वेळी त्या माणसाला विचारायला लाज वाटते' असं असेल, तर ते नेतृत्व. उत्तर 'घरात लग्न जमणार नाही, मयताला कोणी येणार नाही' असं असेल, तर ती सत्ताच, फक्त बिनहुद्द्याची. बराकीतली पंचायत किंवा डब्यातला ग्रुप यांपैकी काय होतं, हे एकदाच ठरवून चालत नाही. एकच मुखी एका घरासाठी आधार आणि दुसऱ्या घरासाठी जाच असू शकतो. दोन्ही घरांचं ऐकावं लागतं.

आणि ऐकायला वेळ फार उरलेला नाही. सरकारी दप्तरात मला अधिकाऱ्यांच्या सह्या मिळतात. अर्ज लिहून देणाऱ्याची सही अर्जावर नसते, कारण अर्ज दुसऱ्याच्या नावाचा असतो. नळावरची रांग लावणारीचं नाव कुठल्याच फाईलमध्ये नाही. ते फक्त माणसांच्या आठवणीत आहे. १९४८ मध्ये जी मुलगी पंधरा वर्षांची होती, ती आज नव्वदी ओलांडून गेली आहे. तुमच्या घरात, बिल्डिंगमध्ये, ओळखीत छावणीचे ते दिवस आठवणारं कोणी असेल, तर माझी वाट बघू नका. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि पहिला प्रश्न हा विचारा: नळावर भांडण झालं की कोण मिटवायचं? मग दुसरा: आणि त्यांचं कोण ऐकायचं नाही?